पिवळ्या रेघेचं नळकांडं

सदाशिव पावसकर आमच्या खात्यात फिटर होता. मी माल उचलणारा. गिअरबॉक्सची ओतीव खोकी मी त्याच्या टेबलावर चढवायची, त्याने जोडायची, जोडून झाली की मी उतरवायची. पिंपरीच्या त्या कंपनीत आमची ओळख झाली ती अशी, कामातून. पुढे आकुर्डीत आमच्या घरामागची खोली त्याने भाड्याने घेतली, तेव्हा बोलणं सुरू झालं.

तो कोकणातला, गुहागरच्या खाली समुद्रालगतच्या एका गावातला. जातीने खारवी. बाप जन्मभर मासे मारून गेला होता. बहात्तरच्या सुमारास सदाशिव इकडे आला आणि पाना हातात धरला. लग्न केलं नाही. बोलणं कमी, खाणं कमी, सुट्ट्या त्याहून कमी.

बोल्ट आवळायची त्याची रीत ठरलेली होती. आधी बोटांनी बसवायचा. मग पान्याने, थांबेपर्यंत. आणि थांबल्यावर आणखी पाव फेरा. त्या पाव फेऱ्यालाच खरा जोर लागतो. खांदा, पाठ, टाच, सगळं त्यात जातं. पुष्कळ लोक नेमके तिथे अंग चोरतात. सदाशिव शिफ्टच्या शेवटच्या बोल्टलाही सकाळच्या पहिल्या बोल्टएवढाच जोर द्यायचा. आवळून झालं की बारीक कुंचल्याने बोल्टच्या डोक्यावरून खाली खोक्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. बोल्ट हलला तर रेघ तुटते. तपासनीस बोल्टला हात लावत नसे, नुसती रेघ बघायचा. अखंड असली की माल पास. सदाशिवच्या टेबलावरची रेघ तुटलेली मी कधी पाहिली नाही.

त्याचा धाकटा भाऊ विलास गावीच राहिला, आई गोजाबाईजवळ. त्याची एक लहान होडी होती, एकट्याने वल्हवायची. गरी टाकून मासे धरायचा. पूर्वी किनाऱ्याजवळ पोटापुरतं मिळायचं. मग इंजिनाचे ट्रॉलर आले, जवळचं पाणी खरवडून न्यायला लागले, आणि वल्ह्याच्या होड्यांना लांब जावं लागलं. जितकं लांब जायचं तितकंच परत वल्हवायचं असतं, आणि परत येताना हात दमलेले असतात.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात विलास आमच्याकडे आला. पावसात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेव्हा त्याला काम नव्हतं. अंगाने सडपातळ, खांदे मात्र रुंद. आमच्या ओट्यावर बसून त्याने हसत हसत सांगितलं, की मेमध्ये होडी उलटली. तो तिच्या बुडावर पोट टेकून दिवसभर लटकला. दोन होड्या लांबून गेल्या, एक ट्रॉलर गेला. कोणाचं लक्ष नाही. संध्याकाळी गावातला चिमाजी आपल्या होडीने परतताना योगायोगाने तिकडून आला, म्हणून वाचला.

"हात हलवून हलवून खांदा गेला," विलास म्हणाला. "लांबून बघणाऱ्याला वाटला असेल, ओंडक्यावर बगळा बसलाय."

"हसतोस काय?" सदाशिव म्हणाला. "आता जाऊ नको परत. उद्या गेटवर ये माझ्याबरोबर. मी साहेबांशी बोलतो."

"तुझा भोंगा वाजला की उठायचा, भोंगा वाजला की जेवायचा. मुतायला पण भोंगा हाय काय रे दादा?"

मी हसलो. सदाशिव हसला नाही.

"न्हाई यायचा त्यो," मी त्याला म्हणालो. "उगा घसा कोरडा करू नकोस."

"नाय येत तर नाय येत," सदाशिव म्हणाला. "पण परत उलटला तर दिसला पाहिजे. कोणाला तरी दिसला पाहिजे."

त्या दिवसापासून त्याला दुसरा विषय राहिला नाही. होडी उलटल्यावर माणसाने स्वतःला दाखवायचं कशाने? बाजारात असलं काही मिळत नव्हतं. मोठ्या जहाजांवर असतं, ते वल्हवणाऱ्याला कोण देतो? मग एकेक वस्तू घेऊन तो तपासायला लागला. गुरुवारी आमच्या भागातल्या कंपन्यांना सुट्टी असायची. मोशीच्या बाजूला दगडाची एक जुनी खाण होती, पावसाने भरलेली. दर गुरुवारी आम्ही तिकडे जायचो. विलास गळ्याइतक्या पाण्यात उतरायचा, मी पलीकडच्या काठावर उभा राहायचो, आणि सदाशिव वर टेकाडावर.

पहिल्यांदा बावटा. काठीला लाल फडकं बांधून विलासने धरलं. पाण्यातल्या माणसाचा हात वर येतो तो केवढासा. फडकं भिजलं की काठीला चिकटतं, आणि एका हाताने काठी धरली तर दुसऱ्या एकाच हाताने होडीला लटकायचं. थोड्या वेळाने विलासने काठी सोडून दिली. बावटा बाद.

मग बॅटरी. तिला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, दोऱ्याने करकचून बांधून बादलीत ठेवलं. पाणी गेलंच. शिवाय सेल आपोआप उतरतात, ते वेळेवर बदलायचे कोणी? बाद.

शिट्टी बरी निघाली. पण पोलिसांच्या शिट्टीत बुचाचा गोळा असतो, तो भिजून फुगला आणि आवाज बसला. आमचा टर्नर साहेबराव. त्याने पितळेच्या नळीची गोळ्याशिवायची शिट्टी करून दिली. ती ओली असतानाही वाजायची. तरी साहेबराव म्हणाला, "माझ्या बायकोच्या हाकेइतकी लांब न्हाई जायची."

आरसा सदाशिवने स्वतः केला. स्टीलच्या पट्टीचा तुकडा, बफिंगच्या चाकावर घासून घासून चेहरा दिसेल असा. मध्ये एक भोक. भोकातून समोरच्याला बघायचं आणि उन्हाची तिरीप त्याच्यावर टाकायची. पाण्यातून विलासने ती माझ्या डोळ्यावर अशी मारली की मी शिवी दिली. पण ऊन हवं. ढग आले की पट्टी ती पट्टीच.

राहिला जाळ. त्यांच्या गावचा एकजण मालवाहू जहाजावर खलाशी होता. जहाजावर लाल जाळाच्या नळ्या ठेवतात, संकटात हातात धरून पेटवायच्या. मुदत संपली की टाकून देतात. त्याने तसल्या तीन नळ्या आणून दिल्या. टोपी काढायची, टोपीच्याच खरखरीत बाजूवर नळीचं डोकं घासायचं, की पेट घेते. एक आम्ही खाणीवर दिवस मावळताना पेटवून बघितली. ओल्या हाताने विलासने घासली आणि सगळी खाण लाल झाली. दगड लाल, पाणी लाल, विलासचं तोंड लाल. टेकाडापलीकडून लोक धावत आले. सगळ्यांच्या पुढे तिथल्या वस्तीतली सोजरबाई, तिची म्हैस तिथे चरत होती.

"काय पेटवलं रं मुडद्यांनो? म्हस बुजून पार रस्त्याला गेली माझी!"

"समुद्रातला दिवा हाय मावशी," मी म्हणालो.

"मंग समुद्रात लावा की! हितं काय तुमचा बाप बुडालाय?"

सदाशिव मात्र त्या लोकांकडे बघत होता. कोण कुठून आलं, किती लांबून आलं, हे त्याने प्रत्येकाला विचारलं. लांबचे लोकसुद्धा आले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला खुशीत पाहिलं. तो विलासच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा बरोबर. हा दिसला."

म्हणजे वस्तू ठरल्या. दिवसा आरसा, अंधारात लाल नळ्या, आणि दोन्ही वेळेला शिट्टी. आता त्या ठेवायच्या कशात हा प्रश्न. नळ्या जुन्या, वरचा कागद मऊ पडलेला. थोडी ओल लागली तर गेल्या. खाऱ्या हवेत आरसा डागाळेल. फिटरची पेटी जशी एका जागी पुरी असते तसं सगळं एकाच जागी हवं, म्हणजे शोधाशोध नको, असं सदाशिवने ठरवलं.

साहेबरावने ॲल्युमिनियमचं नळकांडं केलं. जाड भिंतीचं, आटे पाडलेलं, झाकण वळून बसणारं, आत रबराचा वायसर, बुडाला दोरीसाठी कडी. काम सुंदर झालं. सदाशिवने त्यात कोरडा टीपकागद घालून ते कॅन्टीनमागच्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवलं. काढलं तेव्हा टीपकागदावर ठिपकासुद्धा नव्हता. खात्यातली माणसं येऊन बघून गेली. मग त्याने नळकांडं बफिंगला लावलं. आमच्याकडे घरी न्यायची वस्तू खरखरीत देत नाहीत. झाकणाच्या कडा त्याने काचेसारख्या गुळगुळीत केल्या.

विलास नारळी पौर्णिमेआधी परत निघाला. सकाळची वेळ. सदाशिवने खोलीत बसून नळकांडं भरलं. शिट्टी, आरसा, दोन नळ्या, वर कापूस. झाकण हाताने बसवलं. मग नळकांडं दोन पायांत धरलं, झाकणाला पाइपाचा पाना लावला, थांबेपर्यंत फिरवला, आणि थांबल्यावर पाव फेरा. मग पिवळ्या रंगाची डबी उघडून झाकणावरून नळकांड्यावर रेघ ओढली. हात एकदाही थांबला नाही. रोजचंच काम होतं.

"आता ह्या उघडायचा नाय," तो विलासला म्हणाला. "बघायला म्हणून पण नाय. उघडलास की ओल गेली. वेळ आली तरच."

"आणि वेळ आली की?"

"की उलटा फिरव."

"एवढा चकाचक केलास, नवरीला द्यायचा काय रे दादा?"

"होडीला बांध. दोरी सोडू नको कधी."

विलास ते बगलेत मारून एसटीला गेला.

तार आली ती दिवाळीच्या तोंडावर. सदाशिवला टेबलावरून बोलावून नेलं. परत आला तेव्हा त्याने हातातलं खोकं पुरं केलं, रेघ ओढली, मग पाना पुसून ठेवला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "धोंडीबा, येतोस काय बरोबर?" मी रजा टाकली.

स्वारगेटहून एसटीने आम्ही गेलो, कुंभार्ली घाटातून. वाटेत तो बोलला ते एवढंच, "नळ्या पेटल्या नसतील. जुन्या होत्या." थोड्या वेळाने पुन्हा, "पेटल्या असतील, पण बघणारा कोण नसेल." दोन्हींतलं खरं कोणतं, मला ठाऊक नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा विलासला जाळून झालं होतं. गोजाबाई अंगणात बसली होती. तिने सदाशिवला जवळ घेतलं नाही, हाकललंही नाही. चिमाजी होता. वयाने माझ्याएवढा, काळा, रोडका. झालं ते त्याने सांगितलं.

पहाटे दोघं एकाच वेळी निघाले, चिमाजी उत्तरेला, विलास सरळ बाहेर. दुपारनंतर वारा फिरला. चिमाजी परत आला, विलास आला नाही. दुसऱ्या दिवशी एका इंजिनवाल्या होडीला उलटी होडी दिसली. विलासने कमरेला दोरी बांधून स्वतःला होडीच्या कडीला अडकवलं होतं. गाठ नीट मारलेली होती. म्हणजे उलटल्यावर तो बराच वेळ शुद्धीवर होता.

"मी परत येताना वाऱ्यामुळे त्याच बाजूने आलो," चिमाजी म्हणाला. "अंधार पडला होता. लाटांच्या मागे काय दिसतो? पण जाळ असता तर दिसला असता. शिट्टी असती तर ऐकली असती. गळ्यात बांधायची होती रे शिट्टी. डब्यात कशाला घातलीत?"

सदाशिव म्हणाला, "नळकांडा कुठे आहे?"

चिमाजीने पडवीतून आणून दिलं. दोरीचा तुकडा अजून कडीत होता. मी ते हातात घेतलं नाही, पण जवळून पाहिलं. अंगावर पोचे होते, कुठल्या तरी लोखंडी वस्तूवर आपटल्याचे. झाकणाच्या गुळगुळीत कडेवर बारीक चरे होते, आणि त्यांच्यात दोन-तीन खोलगट खुणा. त्या दातांच्या होत्या. पिवळी रेघ अखंड होती. झाकणावरून नळकांड्यावर, सरळ, एक केसभरही सरकलेली नाही.

सदाशिव त्या रेघेकडे बघत उभा राहिला. कंपनीत अशी रेघ बघून तपासनीस मान हलवतो आणि पुढच्या टेबलावर जातो.

"उघड," गोजाबाई म्हणाली. "काय दिलास माझ्या पोराला ते बघू दे मना."

त्याने हाताने फिरवून पाहिलं. मग हात गवतावर पुसून पुन्हा. मग मी घेतलं. माझे हात आयुष्यभर ओझ्यावर गेलेले, आणि ते कोरडे होते, पोटात जेवण होतं, पायाखाली जमीन होती. झाकण हललं नाही. चिमाजीने बंदरावरच्या इंजिन मेकॅनिककडून पाना आणला. सदाशिवने नळकांडं दोन पायांत धरलं आणि पाना लावला. रेघ तुटली.

आतला कापूस कोरडा होता. आरसा लखलखीत. शिट्टी गोजाबाईने उचलली, फुंकली नाही, पदराखाली घेतली. सदाशिवने एक नळी घेतली, टोपी काढली आणि घासली. पहिल्याच घासणीला पेटली. भर दुपारच्या उन्हात तो जाळ फिका दिसला, पण होता लालच. शेजारची माणसं बघायला आली. जाळ हातापर्यंत येईस्तोवर त्याने धरून ठेवला, मग चिमाजीने झटका देऊन खाली पाडला.

"पाणी गेला नव्हता," सदाशिव आईला म्हणाला.

गोजाबाई म्हणाली, "नाय गेला."

निघताना चिमाजी आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आला. गाडी दिसायला लागली तेव्हा तो सदाशिवला म्हणाला, "मला पण एक करून दे. झाकण हाताने उघडेल असा. मला अजून जायचाच आहे रोज. मला बघायला कोण आहे दुसरा?"

सदाशिवने मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते कळलं नाही.

पण परत आल्यावर तो कामाला लागला. खात्यात कोणी विषय काढला नाही. साहेबराव एकदाच म्हणाला, "मी झाकणाला खाचा पाडायला पायजे व्हत्या." सदाशिव म्हणाला, "पाना मी लावला."

ह्या वेळी त्याने झाकणाला दोन कान लावून घेतले, बोटं अडकतील असे. शिट्टी बाहेर, दोरीला. आणि तपासायची रीत बदलली. थंडीचे दिवस होते. तो खाणीवर जाऊन कपड्यांसकट पाण्यात उतरायचा आणि दात वाजेपर्यंत आत राहायचा. एका हाताने काठाचा दगड धरून, दुसऱ्या हाताने आणि छातीशी दाबून झाकण फिरवायचा. उघडलं नाही की बाहेर येऊन आटे घासायचा आणि पुन्हा उतरायचा. झाकण सैल केलं की पाणी जायचं. घट्ट केलं की बोटं घसरायची. मी काठावर घोंगडी घेऊन बसायचो.

"बास की राव," मी एकदा म्हणालो. "मरशील."

"उघडला नाय अजून."

त्याला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून आल्यावर पुन्हा सुरू. वर्षभरात जमलं. पाणी जात नव्हतं आणि गारठलेल्या एका हाताने झाकण उघडत होतं. मी स्वतः पाण्यात उतरून करून पाहिलं. काम चोख होतं, त्यात मला खोट काढता आली नाही. जहाजावरच्या गाववाल्याकडून त्याने नव्या नळ्याही मिळवल्या. फक्त चकाकी दिली नाही आणि रेघ ओढली नाही. येत्या सुट्टीत घेऊन जायचं ठरलं.

सुट्टीआधीच चिमाजी आला. सकाळच्या शिफ्टला आम्ही गेटवर पोचलो, तर कंत्राटी कामगारांच्या रांगेत उभा. खांद्यावर पिशवी, पायात नवी चप्पल.

"होडी विकली," तो म्हणाला. "जळणाला घेतली एकाने. ट्रॉलरपुढे काय मिळतो आता? आणि बायको जाऊच देत नाय. विलासचा झाला तेव्हापासून रोज पायात पडते."

"मी तुझा नळकांडा केला," सदाशिव म्हणाला.

"कशाला आता?"

"दुसरा कोण आहे? वल्ह्याने जाणारा?"

चिमाजीने थोडा विचार केला. नावं आठवत असावा. "कोण नाय," तो म्हणाला. "म्हातारा भिवा जायचा, त्याला आता दिसत नाय. बाकीचे ट्रॉलरवर खलाशी. नाय तर मुंबईत, नाय तर इकडेच." आणि लगेच, "तुमच्या खात्यात घेतील काय रे मला?"

सदाशिव आत गेला. भोंगा झाला होता.

चिमाजीला त्या दिवशी घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात घेतलं, आणि माझ्याच माल ओढायच्या गाड्याला लावलं. वल्हवणाऱ्याचे खांदे चांगले असतात, पण तो बसून जोर लावायला शिकलेला असतो. उभ्याने ओझं उचलताना तो सगळं पाठीवर घ्यायचा. मी त्याला सांगितलं, गुडघे वाक, पाठ सरळ ठेव, मान खाली घालू नको. पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. संध्याकाळी तो गाड्याच्या दांडीला धरून उभा होता, आणि शेवटचं खोकं सदाशिवच्या टेबलावरून उतरायचं राहिलं होतं. सदाशिवने मान वर केली नाही. मी आणि चिमाजीने ते दोन बाजूंनी धरून उतरवलं.